आतषबाजी टिपणाऱ्या डबीरबाई

समोर माणूस जळत होता आणि डबीरबाई फोटो काढत होत्या.

हे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. कितीदा लिहिलं आणि खोडलं. वाटायचं, एवढंच लिहिलं तर बाईंवर अन्याय होईल, आणि हे सोडून बाकी सगळं लिहिलं तर ते खोटं होईल. मी तिथे होते. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगच्या गच्चीवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. मी किंचाळत होते आणि त्यांचा हात हलत नव्हता. त्या हातात काळा पुठ्ठा होता. तो कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरायचा की नाही, एवढाच प्रश्न त्या घटकेला जगात उरलाय असं त्यांचं तोंड झालं होतं. त्या वेळी जो धक्का बसला तो अंगातून अजून गेलेला नाही.

पण आधी बाई कोण ते सांगते.

अमरावतीला मुलींच्या शाळेत त्या शास्त्र आणि भूमिती शिकवायच्या, मी मराठी. वयाने माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या, उंच, काटकुळ्या, लग्न न केलेल्या. वडील नामांकित वकील होते. ते गेल्यावर आंबापेठेतलं घर आणि वडिलांचा लाकडी पायांवर उभा राहणारा, काचेवर फोटो उमटवणारा कॅमेरा अशा दोन वस्तू त्यांच्याकडे आल्या. घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी मला भाड्याने दिल्या होत्या. मी दर्यापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली, नोकरीसाठी शहरात एकटी राहणारी. माझ्या आईने पहिल्या भेटीत बाईंना नखशिखांत न्याहाळलं आणि परत जाताना मला म्हणाली, "बाई चांगली हाय. पण तिच्या बोटाले काय झालं वं? कोड तर नाई?"

कोड नव्हतं. फोटो धुण्याच्या औषधांनी त्यांची बोटं कायमची तपकिरी झाली होती. मुली म्हणायच्या, बाई तंबाखू मळतात.

बाई फोटो काढायच्या त्या फक्त आतषबाजीचे. माणसांचे नाहीत, देवळांचे नाहीत, शाळेच्या गॅदरिंगचेसुद्धा नाहीत. मुख्याध्यापिकांनी एकदा गळ घातली, की निरोप समारंभाचा एक ग्रुप फोटो काढून द्या. बाई म्हणाल्या, "त्या सगळ्या उजेडात उभ्या आहेत. त्यात मी काय काढू?" आणि हे त्या चेष्टेने म्हणत नव्हत्या. कोणाच्या लग्नाची पत्रिका आली की नवरा कोण, काय करतो, हे त्या विचारायच्याच नाहीत. "दारूकाम कोणाचं आहे?" म्हणजे आतषबाजी कोणाची, हा पहिला प्रश्न, आणि "मैदान कुठल्या बाजूला?" हा दुसरा. शाळेत बैठकीला बोलावलं तरी "आज वारा कुठला आहे?" असं म्हणत यायच्या. वाऱ्याचं त्यांना वेड होतं, कारण धूर कुठे जाणार ते वारा ठरवतो. कपाशीला पाऊस हवा म्हणून माझे वडील आभाळाकडे जसे बघायचे, तशा बाई दसऱ्याच्या आधी बघायच्या.

हा फोटो काढतात कसा, ते त्यांनी मला एकदा पोळ्या लाटता लाटता समजावलं. भिंग सताड उघडं ठेवायचं आणि त्याच्यासमोर काळा पुठ्ठा धरायचा. जमिनीवर उभ्या केलेल्या नळ्यातला दारूचा गोळा वर जाऊन फुटला की पुठ्ठा बाजूला, विझत आला की पुन्हा समोर. असं करत एकाच काचेवर तीन-चार फुलं जमवायची. "मधला अंधार कॅमेऱ्याला दिसतच नाही गं, कुसुम," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटते सगळं एकदम फुटलं." शाळेत त्या अगदी छापील बोलायच्या, पण आतषबाजीचा विषय निघाला की त्यांची भाषा घरच्यासारखी सैल व्हायची. पोळी तव्यावर करपत होती, ती मीच उलटली.

या छंदापायी त्यांनी मला किती वेळा तोंडात बोट घालायला लावलं याची गणती नाही. एका मे महिन्यात मी सकाळी उठले तर घरात प्यायला थेंब नाही. माठ रिकामा, रांजण रिकामा, घागर उपडी. न्हाणीघराच्या दारावर चादर टांगलेली. बाईंचं फोटो धुण्याचं अंधारघर म्हणजे ते न्हाणीघर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात औषधं गरम होतात आणि काचेवरचा थर सुटून येतो, म्हणून बाईंनी प्यायचं सगळं गार पाणी परातीत ओतून त्यात औषधाच्या तसराळ्या ठेवल्या होत्या. मी दार वाजवलं. बाई बाहेर आल्या, हातात काच. काचेवरची आतषबाजी दुधावरच्या सायीसारखी सरकून एका कोपऱ्यात गोळा झाली होती. "बघ," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला घोटभर मिळालं नाही ते नाहीच. पुढे दोन दिवस आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला मी त्यांना दर्यापूरजवळच्या आमच्या गावी घेऊन गेले, ती माझी हौस. संध्याकाळी वरात निघाली, दारूकाम सुरू झालं, आणि बाई दिसेनात. शोधता शोधता काकांचा आवाज आला. बघते तर बाई आमच्या कडब्याच्या गंजीवर चढलेल्या. कॅमेऱ्याचे लाकडी पाय कडब्यात रोवलेले, पदर कमरेला खोचलेला, आणि आजूबाजूला ठिणग्यांचा पाऊस. वर्षभराचा गुरांचा चारा होता तो. एक ठिणगी पडली असती तर गंजी, गोठा आणि बाई, काहीच उरलं नसतं. काका खालून ओरडत होते. "उतरा खाली! कोन आनलं या बाईले?" बाई वरून शांतपणे म्हणाल्या, "एवढं फुटू द्या, उतरते." माझी आई तोंडावर पदर धरून उभी होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

त्यांना खाली उतरवलं ते दारूकाम करणाऱ्याने. अकोटचे गफूरभाई. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, भुवया जळून जळून विरळ झालेल्या. हातातली पेटती काठी तशीच धरून ते गंजीपाशी आले आणि म्हणाले, "बाई, तुमी उतरल्याबिगर मी पुढचा नळा पेटवत नाई. घ्या. बसा आता वर." बाई निमूट उतरल्या. मी तोवर त्यांना कोणाचं एवढं ऐकताना पाहिलं नव्हतं. उतरल्यावर त्यांनी विचारलं, "पुढचा कोणत्या रंगाचा आहे?"

"हिरवा. काहून?"

"हिरवा काचेवर नीट येत नाही. लाल आधी लावता का?"

गफूरभाई बघतच राहिले. "याचा फोटो निघते?" त्यांनी विचारलं.

महिनाभराने बाई तो फोटो द्यायला अकोटला निघाल्या आणि मलाही सोबत नेलं. गावाबाहेर दारूकामाची मातीची कोठी, बाहेर उन्हात वाळत घातलेल्या कागदी नळकांड्या. गफूरभाईंनी हात धुतले, लुंगीला पुसले, आणि फोटो दोन्ही हातांनी धरला. मग मुलाला हाक मारली, "रशीद, इकडे ये. हे पाह्य." आणि बाईंना म्हणाले, "बाई, पोटासाठी लहानपणापासून हे काम करून राह्यलो. पण एक पेटवला की मान खाली, दुसऱ्याकडे पळा. वर काय होते ते लोक पाहते. मी माहं फूल कधी पुरतं पाह्यलंच नाई." जन्मभर दुसऱ्यांसाठी आभाळ रंगवणाऱ्या माणसाने स्वतःचं आभाळ कधी पाहिलेलं नव्हतं, आणि हे आम्हा कोणाच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. गफूरभाईंच्या कोठीच्या भिंतीवर बाईंचे फोटो चढत गेले. कुठे दारूकामाची सुपारी मिळाली की रशीदच्या हाती निरोप यायचा. बाई शनिवारची शाळा सुटली की एस.टी.ने जायच्या, कधी अकोल्याला, कधी तेल्हाऱ्याला, कॅमेऱ्याचे पाय छत्रीसारखे काखेत. गावात बोललं जायचं. लग्न न झालेली ब्राह्मणाची बाई, आणि एका दारूवाल्या मुसलमानाच्या मागे गावोगाव. मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा. मी म्हटलं, "त्यांना विचारा." त्यांनी विचारलं, आणि बाईंनी त्यांना लाल रंगाला कुठला क्षार लागतो ते अर्धा तास समजावून सांगितलं. मुख्याध्यापिकांनी पुन्हा विचारलं नाही.

दोघांचं आपसातलं बोलणं म्हणजे भांडणच असायचं. "मागचं निळं फिकं आलं," बाई म्हणायच्या. "फिकं आभाळात नोतं, तुमच्या डब्यात होतं," गफूरभाई म्हणायचे. आणि दोघांना एकच ध्यास लागला होता. शेवटची सलामी, म्हणजे मैदानभर नळे एका रांगेत पेटवून सगळे गोळे एकदम फोडायचे, ती पूर्ण एका काचेवर यायला हवी. काही केल्या ती यायची नाही. रांग लांब, काच लहान. कधी डावं टोक जायचं, कधी उजवं. बाई अर्धी सलामी घेऊन यायच्या आणि गफूरभाई ती उलटी-सुलटी करून बघायचे. "बाकीची कुठी हाय?" असं विचारायचे, जशी काही बाईंनी ती लपवून ठेवली.

साठ सालच्या आसपास अकोल्याला एका जिनिंगवाल्या शेटजींच्या मुलाचं लग्न झालं. गफूरभाईंना तोवर एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. शेटजींनी बाईंना जिनिंगच्या गच्चीवर जागा दिली. मीही गेले. दिवस मावळायच्या आधी बाई खाली मैदानात उतरल्या. मी वरून बघत होते. त्या आणि गफूरभाई रांगेच्या एका टोकाशी उभे होते. बाई दोन्ही हात पसरत होत्या आणि जवळ आणत होत्या. गफूरभाईंनी डोकं खाजवलं, मग मान हलवली, मग रशीदला हाक मारली. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बाई वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या पोरीसारखा फुलला होता. "आज येणार," एवढंच म्हणाल्या.

सगळं छान चाललं होतं. लोक आ वासून वर बघत होते. मग सलामी पेटली. पहिला गोळा नळ्यातच फुटला. शेजारचा नळा कलंडला, त्याने त्याच्या शेजारचा पाडला, काही गोळे वर उमलले, पण बाकीची, आभाळात जायची ती आग जमिनीवरून सरपटत निघाली. लोक पळाले. मी बाईंचा दंड धरला. खाली गफूरभाई पळाले नाहीत. आडवा झालेला नळा मंडपाकडे तोंड करून पडला होता, आणि मंडपात बायका-पोरं होती. ते त्या नळ्याकडे धावले, त्याचं तोंड फिरवायला वाकले, आणि तेवढ्यात तो त्यांच्या तोंडावर उडाला.

"बाई, चला. बाई, गफूरभाई," मी ओरडत होते. बाईंच्या हातातला पुठ्ठा भिंगापासून बाजूलाच होता. त्यांनी तो समोर धरला नाही. मान हलवली नाही. माझा हात झटकलाही नाही, त्यांना तो लागतच नव्हता. मी त्यांना सोडून जिना उतरले. वळून पाहिलं तर त्या तशाच उभ्या होत्या. खाली जळत्या माणसावर लोक गोणपाट टाकत होते. बाई खाली आल्या तेव्हा गफूरभाईंना टांग्यात घातलं होतं. बाईंच्या पिशवीत ती काच होती.

दवाखान्यात गफूरभाईंचं तोंड आणि दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले. डॉक्टरने रशीदला बाहेर नेऊन सांगितलं, जीव वाचला, डोळे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी गफूरभाई शुद्धीवर आले. बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्या आल्यात हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"बाई," ते पट्ट्यांतून म्हणाले, "फोटो आला काय?"

रशीद रडायला लागला.

परतताना गाडीत मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, तुम्ही का हलला नाहीत?" माझी अपेक्षा होती की त्या म्हणतील, मी घाबरले, हातपाय गार पडले. मी त्यांच्या वतीने ते उत्तर तयारही ठेवलं होतं.

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला ते सुंदर दिसलं. आधी सुंदर दिसलं, कुसुम. माणूस मागून दिसला."

मी त्या वाक्यापाशी अजून अडते. त्या वेळी मला त्यांची शिसारी आली, हे मी लपवत नाही. एका बाकावर बसलो होतो, मी उठून समोरच्या बाकावर जाऊन बसले. गाडी बदलायला बडनेरा येईपर्यंत मी तिथेच बसले.

काच त्यांनी धुतली, आणि फोटो छापला. तो त्यांनी मला दाखवला नाही, न्हाणीघराच्या दोरीला वाळत होता तो मी पाहिला. सगळी सलामी एका काचेवर आली होती. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. वर उमललेले गोळे, खाली जमिनीलगत आगीचं एक लांब पांढरं पीस, आणि त्याच्या मधोमध काळा, लहानसा, वाकलेला माणूस. मी इतका देखणा फोटो जन्मात पाहिला नव्हता. आणि मला तो देखणा वाटला याचाच मला धक्का बसला. मी तशीच मागे सरले आणि दार लावून घेतलं.

इकडे शेटजींनी अंग झटकलं. त्यांच्या माणसांनी पोलिसांत सांगितलं की गफूर प्यालेला होता, तोल जाऊन त्यानेच नळा पाडला. गफूरभाई आयुष्यात प्याले नव्हते. पण मंडप जळाला होता, पाहुणे भाजले होते, आणि कोणाच्या तरी माथी मारायलाच हवं होतं. चौकशी लागली. लायसन जाणार, वर तुरुंग होणार, असं सगळे बोलत होते. डोळे तर गेलेच होते, आता रशीदलाही हे काम करता येणार नव्हतं आणि त्या घराला दुसरं काही येत नव्हतं. गफूरभाईंनी जबाबात एवढंच सांगितलं होतं, "पेलो नोतो. नळे ठेवण्यात माही चूक झाली."

चौकशीच्या दिवशी बाईंनी मला नुसतं "येतेस?" असं विचारलं. मला वाटलं गफूरभाईंच्या चांगल्या चालीची साक्ष द्यायला चालल्या असतील. अकोल्याच्या कचेरीत साहेब बसले होते, शेटजींचा मुनीम होता, बाकावर रशीदचा हात धरून गफूरभाई. पट्ट्या सुटल्या होत्या. मी एकदाच बघितलं आणि नजर खाली घेतली.

बाईंनी फोटो साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो उचलून खिडकीकडे धरला आणि त्यांच्या तोंडून "वा" निघून गेलं. मग त्यांना खालचा तो वाकलेला माणूस दिसला असावा. त्यांनी फोटो पालथा ठेवला आणि घसा साफ केला.

"यात नळे बघा," बाई म्हणाल्या. "एकमेकांना चिकटून आहेत. ते कधी असे नसतात. मी सांगितलं म्हणून जवळ घेतले. रांग माझ्या काचेत मावत नव्हती."

मला गच्चीवरून पाहिलेले ते हात आठवले, पसरणारे आणि जवळ येणारे. साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या फोटोसाठी?"

"हो."

"बाई, तुम्ही शिकलेल्या. शास्त्र शिकवता. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं," बाई म्हणाल्या. "थोडं कळलं होतं. पण फोटो यायला हवा होता."

मी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. नोकरी जाईल, गावात तोंड दाखवता येणार नाही, उद्या खटल्यात ओढतील, यातलं काहीही त्या चेहऱ्यावर नव्हतं. आणि तेवढ्यात बाकावरून गफूरभाई ओरडले. मला वाटलं ते बाईंना वाचवतील. ते संतापले होते.

"कायले सांगून राह्यल्या तुमी? दारूकाम माहं हाय. नळे मी ठेवले. कोन्या बाईच्या सांगण्यावर गफूर नळे ठेवते काय? डोळे गेले तं गेले, आता माही चूकबी माही नाई म्हनता?"

"गफूरभाई, मी—"

"नाव नका घेऊ माहं." ते रशीदच्या खांद्यावर हात टाकून उठले आणि साहेबांनी जायला सांगण्याआधीच दाराकडे चालू लागले. दाराच्या चौकटीला त्यांचं कपाळ आपटलं. बाई झटकन पुढे झाल्या आणि तिथेच थांबल्या.

खटला झाला नाही. प्यायल्याचा आरोप टिकला नाही, आणि पुढे वर्षभराने लायसन रशीदच्या नावावर झालं. शाळेने बाईंना समज दिली. मुख्याध्यापिकांनी त्यांना सांगितलं, की यापुढे असल्या ठिकाणी जायचं नाही. ते सांगायची गरज नव्हती. कॅमेरा त्यांनी नागपूरच्या एका फोटोग्राफरला देऊन टाकला होता. दसऱ्याला गावभर रोषणाई चालली असताना त्या खिडक्या लावून घरात बसायच्या. गॅलरीत येऊनसुद्धा बघायच्या नाहीत.

अकोटला मात्र त्या जात राहिल्या. हे मला रशीदने सांगितलं. कोठीच्या ओट्यावर येऊन बसायच्या. गफूरभाई आतून "कोन हाय?" विचारायचे, कळलं की तोंड फिरवून घ्यायचे. संध्याकाळच्या गाडीने बाई परत. "बाबा बोलत नाई, आन बाई जात नाई," रशीद म्हणाला. "आमी दोघायच्या मंधात चा करून करून थकलो."

मग माझी नोकरी अकोल्याला लागली आणि आंबापेठेतलं ते घर सुटलं. पत्र लिहायचा बाईंचा स्वभाव नव्हता. खरं सांगायचं तर मीही लिहिलं नाही. त्या बाकावरून मी उठले होते, ती पुन्हा त्यांच्या शेजारी बसलेच नाही. मधल्या काळात तिथे काय घडलं, कोण आधी बोललं, मला माहीत नाही.

काही वर्षांनी आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या भावाच्या लग्नाला मी अकोटला गेले. वरातीसमोर दारूकाम होतं, रशीदचं. मैदानात बरीच गर्दी. मी जरा बाजूला, बैलगाड्या सोडल्या होत्या तिकडे सरकले, आणि मला आवाज ओळखू आला.

एका सोडलेल्या गाडीच्या दांडीवर गफूरभाई बसले होते. शेजारी डबीरबाई. केस पांढरे झालेले, मान वर, डोळे आभाळात. कॅमेरा नव्हता. गफूरभाईंची मान नेहमीसारखी खाली होती.

"हिरवा," बाई सांगत होत्या. "वर गेला. फुटला. मधे पांढरा आहे. डावी बाजू भरली नाही."

"धूर?"

"आहे. खूप आहे."

"पोट्ट्यानं दारूचा मसाला दमट ठेवला," गफूरभाई पुटपुटले. "आन हा आत्ताचा?"

"हा नुसताच विझला."

"खरं सांगून राह्यल्या ना?"

"खरं सांगते."

मी चार पावलांवर उभी होते. पुढे होऊन हाक मारावी असं मनात आलं, पण पाय उचलला नाही. तेवढ्यात रशीदने सलामी पेटवली. लांब लांब ठेवलेले नळे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदम. सगळं मैदान उजळलं, माझ्या हातावरच्या बांगड्या लाल दिसायला लागल्या. लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला.

"काय झालं?" गफूरभाईंनी विचारलं. "बाई? बोला ना. फुटली काय?"

बाईंना बोलता येत नव्हतं. मग भर मैदानात, गावच्या गावासमोर, वरातीतल्या बायका बघत असताना डबीरबाईंनी गफूरभाईंचा हात हातात घेतला. आमच्या वऱ्हाडात कोणत्या बाईने असं केलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि आजूबाजूच्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला तो मला दिसला. बाईंनी तो भाजून चिकटलेला, ताठ तळवा उलगडला. त्याच्या मधोमध बोट टेकवलं आणि तिथून एकेक रेघ बाहेर ओढायला लागल्या. बोटांच्या टोकांपर्यंत. मग मनगटावरून वर. मग कोपरापर्यंत.

गफूरभाई मान तिरकी करून लक्ष देत होते.

"एवढी मोठी?" ते म्हणाले.